टिपकागद

माझ्या साडूला मैदानावरून हाकललं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला संत समजणार नाही आणि त्यालाही गरीब गाय समजणार नाही. मैदान म्हणजे शहराबाहेरचं आमच्या क्लबचं मैदान, जिथे आम्ही रिमोटवर चालणारी मोठी विमानं उडवतो. मोठी म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटरच्या वर, पेट्रोलवर चालणारी, डोक्यावरून गेली की टोपी सावरायला लावणारी. खेळणी म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या नाकावर फिरणाऱ्या पंख्यासमोर बोट धरून बघावं.

साडू मला पहिल्यापासून आवडला नाही. तो साडू झाला तोही माझ्याच कृपेने. एका रविवारी मी बायकोला आणि धाकट्या मेहुणीला विमानं बघायला घेऊन गेलो. मेहुणीने तासभर विमानांकडे पाहिलंच नाही. ती एका कोपऱ्यात मांडी घालून कार्ब्युरेटर उघडून बसलेल्या माणसाकडे बघत राहिली. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, हे मला त्या दिवसापासून कोणी समजावून सांगायला नको.

धंदा त्याचा दुरुस्तीचा. गवत कापायची यंत्रं, झाडं कापायच्या करवती, फवारणीचे पंप, लहान इंजिन असलेलं काहीही. दुकान एवढं चिंचोळं की दोन माणसं आत आली तर एकाने श्वास रोखावा. त्याचं शटर अर्ध्यावरच वाकडं होऊन अडकलेलं. ज्याला आत जायचंय त्याने कमरेत वाकूनच जायचं. इतक्या वर्षांत ते शटर त्याने नीट केलं नाही, आणि हा म्हणे दुरुस्तीवाला! माझं मत असं की त्याने ते मुद्दाम तसं ठेवलंय. येणारा प्रत्येकजण वाकून यावा, एवढीच त्याची हौस.

बोलायचा कमी. जे बोलायचा ते टाचणीसारखं. तुम्ही महिनाभर घासूनपुसून तयार केलेलं विमान मैदानावर आणलंत, की हा पाठीमागे हात बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारणार आणि म्हणणार, "रंग छान आहे." बस्स. म्हणजे बाकी सगळं वाईट आहे, हे तुम्ही समजून घ्यायचं.

पण पेट्रोल त्याच्याच डब्यातलं लागायचं, सगळ्यांनाच. ही आमची लाचारी होती आणि ती त्याला माहीत होती.

आमची इंजिनं टू-स्ट्रोक. त्यांना वेगळं तेल घालायची सोय नसते, पेट्रोलातच तेल मिसळायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन आतल्या आत घासून चिकटतो आणि इंजिन जागच्या जागी मरतं, तेही आभाळात. म्हणून मिसळणाऱ्या माणसावर सगळं. साडूची पद्धत अशी: दोन-तीन पंपांवरून थोडं थोडं पेट्रोल आणायचं. काचेच्या अरुंद नळकांड्यात थोडं पाणी, वर पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोलात इथेनॉल असलं की ते पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर सरकते. ज्या पंपाची रेघ कमी सरकली त्या पंपाचं पेट्रोल पास. मग पाच लिटरच्या डब्यात बत्तीसाला एक या मापाने तेल, एकशे छप्पन्न मिलिलिटर, मोठ्या सिरिंजने मोजून. दीडशे टाकलं तर काय आभाळ कोसळणार होतं? मी एकदा विचारलं होतं. "तुझं विमान कोसळेल," तो म्हणाला.

एवढं करूनही त्याचा स्वतःवर विश्वास नसायचा. मैदानावर कोणाच्याही टाकीत भरण्याआधी डब्यातला एक थेंब तो कागदाच्या चिटोऱ्यावर टाकायचा आणि वाट बघत बसायचा. पेट्रोल उडून जातं. तेल मिसळलेलं असेल तर कागदावर तेलकट डाग उरतो, नसेल तर कागद कोराच्या कोरा. डाग उजेडाकडे धरून बघायचा, चिटोऱ्यावर तारीख आणि विमानाचं नाव लिहायचं आणि चिटोरा खिशात. तोवर आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. त्यावरून त्याला सगळे टिपकागद म्हणायचे. त्याला ते नाव आवडायचं. नाव ठेवलं तर खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता माझ्याबद्दल. मी नकाशे काढणारा माणूस. ऑफिसात रेघेला रेघ जुळली नाही तर मला जेवण जात नाही. मी माझं मोठं विमान तीन वर्षं बांधलं. दोन मजली पंखांचं, जुन्या धाटणीचं, लाकडाच्या पट्ट्यांवर कापड ताणलेलं. एकेक पट्टी मी स्वतः कापली. आधी मी लहान विमानं उडवायचो, मिथेनॉलवर चालणाऱ्या चिमुकल्या इंजिनांची. पेट्रोलचं हे पहिलंच, म्हणून इंजिन कुठलं घ्यायचं हा प्रश्न आला आणि बायको म्हणाली, "घरात एवढा जाणकार माणूस आहे, विचारा की त्याला."

विचारलं. तीच माझी चूक, असं मी सात वर्षं म्हणत आलो.

त्याने तीन प्रश्न विचारले. वजन किती? पंख किती? उडवणार कसं, सावकाश की कोलांट्या मारत? मी सांगितलं, सात-आठ किलो, दोन मीटर, सावकाश. तो म्हणाला, "पस्तीस सीसी घे. भरपूर झालं."

मी माहितीपत्रकं वाचली होती. तक्ते केले होते, तीन रंगांच्या पेन्सिलींनी. मी पंचावन्न सीसीवर आलो होतो. मी त्याला तक्ता दाखवला. त्याने तक्ता हातात धरला, त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा माझ्या कोऱ्या कागदावर उमटला, आणि तो म्हणाला, "सायकलला ट्रकचं इंजिन कशाला? ते इंजिन जड. ते धरायला पुढचं लाकूड जाड करशील, ते जड. मग चाकं जड. शेवटी आठ किलोचं साडेनऊ किलो होईल आणि इंजिन बंद पडलं की दगडासारखं येईल खाली."

"इंजिन बंद का पडेल?" मी म्हणालो.

"पडतं," तो म्हणाला.

चारचौघांत तो हे बोलला. कोणीतरी हसलं. मी पंचावन्नचंच घेतलं. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या मनात पन्नाशीच्या आतलं घ्यावं असंही येऊन गेलं होतं, पण आता घेतलं असतं तर टिपकागद म्हणाला म्हणून घेतलं, असं झालं असतं. विमानाचं वजन नऊ किलो सहाशे भरलं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

इंजिन बसवायच्या आठवड्यात त्याने मेहुणीच्या हाती एक पाकीट पाठवलं. आत मीटरभर पिवळी नळी. पाकिटावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: "आतही हीच." म्हणजे टाकीच्या बाहेर तर हीच, पण टाकीच्या आतही हीच. टाकीच्या आत एक लवचीक नळी असते आणि तिच्या टोकाला पितळेचं वजन. विमान उलटंसुलटं झालं की ते वजन जिकडे पेट्रोल तिकडे लोळतं, म्हणजे इंजिन उपाशी राहत नाही. आता ही पिवळी नळी ताठ. मी ती आत लावून पाहिली, वजन लोळेचना. माझ्याकडे लहान विमानांची सिलिकॉनची निळी नळी होती, लोण्यासारखी मऊ. मी बाहेर पिवळी लावली, आत निळी. आणि वर स्वतःची पाठ थोपटली, की पाकिटावर आज्ञा लिहून पाठवणाऱ्याला एवढी साधी गोष्ट सुचली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला पाठ होती. ती माझ्यावर लागू होते एवढंच माहीत नव्हतं.

शनिवारी त्याच्याकडून आणलेल्या पेट्रोलवर इंजिन जमिनीवरच दोन टाक्या चालवलं. घड्याळासारखं चाललं. टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं आणि रविवारी सकाळी क्लबच्या वार्षिक मेळाव्याला विमान घेऊन गेलो. बायको, मेहुणी, नऊ वर्षांची माझी मुलगी, सगळे दोरीपलीकडे उभे. मुलगी तेव्हा काकांची शेपूट होती. साडूला मूल नाही. ती त्याच्या दुकानात बसून स्क्रू रंगाप्रमाणे लावायची आणि तो तिला ते करू द्यायचा. जगात त्याने दुसऱ्या कोणाला कशालाही हात लावू दिलेला मी पाहिलेला नाही.

साडू डबा घेऊन आला. कागदावर थेंब टाकला, डाग पाहिला, लिहिलं, खिशात घातला. मग माझ्या विमानाचं झाकण उघडून तो टाकी भरायला लागला. भरता भरता थांबला. आत वाकून बघायला लागला. आधीच वारा सुटलेला, सगळे बघतायत, आणि हा माणूस माझ्या तीन वर्षांच्या कामात डोकं खुपसून बसलेला. त्याने हात आत घातला आणि म्हणाला, "अरे, ही टाकीतली..."

"हात काढ," मी म्हणालो.

"ऐक तर."

"तुझं काम पेट्रोल ओतायचं. ओतलंस ना? मग बाजूला हो. माझ्या विमानाला हात लावू नकोस आणि मला शहाणपण शिकवू नकोस. गवत कापायची यंत्रं नीट कर जा!"

हे मी मोठ्याने म्हणालो. क्लबचे अध्यक्ष तिथेच उभे होते. साडूचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही, कारण मी पाहायलाच तयार नव्हतो. त्याने झाकण लावलं, डबा उचलला आणि तो निघून गेला.

चौथ्या मिनिटाला इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. विमान वर होतं, आमच्यापासून दूर, समोर मोकळं माळरान. सरळ उतरवलं असतं तर चाकं मोडली असती, फार तर एक पंख. मी ते मैदानाकडे वळवलं. वेग नसताना वळवू नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तेव्हाही मला ते माहीत होतं. पण सगळ्यांच्या देखत माळात उतरवायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. वळता वळता डावा पंख खाली गेला आणि साडेनऊ किलो दगडासारखे आले खाली, दोरीपलीकडे. माझी मुलगी उभी होती तिथून चार पावलांवर. लाकडाची एक पट्टी तिच्या गालाला चाटून गेली. टाका पडला नाही, ओरखडाच. पण ती किंचाळली.

मी धावलो. मुलगी बायकोच्या कुशीत होती. मग मी विमानाकडे गेलो. पंखा हाताने फिरवून पाहिला, फिरेना. गच्च. झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: इंजिन चिकटलंय. तेल नाही. पेट्रोल कोरं. आणि पेट्रोल कोणाचं?

"टिपकागदाने बिनतेलाचं पेट्रोल दिलं!" मी ओरडलो. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला हे ओरडताना बरं वाटलं. मुलीजवळ पडलेलं विमान माझं नव्हतं, त्याचं झालं.

साडू धावत आला होता. तो मुलीकडेच बघत होता. मी त्याच्या अंगावर गेलो, दोघांनी मला धरलं. तो एवढंच म्हणाला, "टाकी उघडून बघ." तो म्हणाला म्हणूनच मी ती उघडली नाही. अवशेष गोणीत भरले आणि घरी माळ्यावर टाकले.

आठ दिवसांनी क्लबच्या समितीसमोर माझी लेखी तक्रार होती, दोन पानी, आकृतीसह. अध्यक्षांनी त्याला विचारलं, "डब्यात तेल घातलं होतंस का?" तो मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "टाकी मी भरली. जबाबदारी माझी." मैदानावरच्या शेडची त्याच्याकडची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. कबुलीच की ही! समितीने त्याला कायमचं मैदान बंद केलं. तक्रार करणाऱ्याने तक्रार मागे घेतली तरच परत, असा शेरा मारला.

वीस वर्षं ज्याचा रविवार दुसरीकडे गेला नाही, त्याला मी मैदान बंद केलं. आणि सांगतो, मला त्याचं काहीही वाटलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. लग्नकार्यात तो मांडवाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, मी खोलीत आलो की बायको हवापाण्यावर यायची. एकदा ती म्हणाली, "अहो, तो असं करेल असं खरंच वाटतं तुम्हाला?" मी म्हणालो, "वाटायचा प्रश्न नाही, पंखा फिरत नव्हता." मुलगी मात्र कोणाला न विचारता दर आठवड्याला त्याच्या दुकानात जात राहिली. मी तिला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर वाचायला लागलो.

यंदा एका माणसाने ते इंजिन सुट्या भागांसाठी विकत मागितलं. त्याने फोनवर विचारलं, "पिस्टनवर ओरखडे किती आहेत?" मी म्हणालो, बघून सांगतो. सकाळी गोणी गच्चीवर नेली आणि सात वर्षांनी पहिल्यांदा इंजिन उघडलं.

पिस्टनवर एक ओरखडा नव्हता. सिलिंडर आतून आरशासारखा, बोट फिरवलं तर बोटाला तेल. पंखा फिरत नव्हता कारण नाकावर आपटून पंख्याचा दांडा वाकला होता. हे बघायला पाच मिनिटं लागली.

मग मी टाकी कापली. निळी नळी आत सुजून दुप्पट जाड झाली होती, ओल्या पावासारखी पिचपिचीत. टाकीतल्या पितळी तोटीवरून निसटून ती वजनासकट तळाशी पडलेली. सिलिकॉनला मिथेनॉल चालतं, पेट्रोल चालत नाही. पेट्रोलात ते फुगतं आणि धरलेलं सोडून देतं. इंजिन उपाशी मेलं होतं. पिवळ्या नळीचं पाकीट माझ्याच खणात होतं, उरलेल्या अर्ध्या मीटरसकट: "आतही हीच."

मी ती निळी नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. खोटं कशाला बोलू? टाकली, वर पेपर टाकला आणि खाली आलो. चहा घेतला. मग परत वर गेलो आणि काढली. तीन दिवस ती माझ्या खिशात होती. ऑफिसात नकाशावर वाकलो की पेट्रोलचा जुना वास यायचा. सगळा राग त्याच्यावरच येत होता. बोलला का नाही हा? समितीसमोर नळीचं नाव का काढलं नाही? सात वर्षं मला चुकीचं वागू दिलं याने!

चौथ्या दिवशी मी त्या वाकड्या शटरखालून वाकून आत गेलो.

तो एका गवत कापायच्या यंत्राचा प्लग साफ करत होता. केस पांढरे झालेले. वर न बघता म्हणाला, "दुकान बंद आहे."

"शटर उघडं आहे."

"ते तसंच असतं."

मी नळी त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने पुसणं थांबवलं. बोटाने नळी दाबून पाहिली.

"उघडलीस एकदाची," तो म्हणाला.

"माझी चूक होती. क्लबला पत्र लिहितो. तक्रार मागे घेतो."

"लिहू नकोस."

"लिहिणार. तुझ्यावर उपकार नाही करत. माझं मला निस्तरायचंय."

तो परत प्लग पुसायला लागला. मी कुठे बघावं म्हणून भिंतीकडे बघितलं. तिथे एक लांब तार होती आणि तिला टोचलेले चिटोरे, शेकडो, पिवळे पडलेले. सगळ्यात वरचा चिटोरा मी वाचला. तारीख त्या मेळाव्याची. खाली माझ्या विमानाचं नाव. मध्ये तपकिरी पडलेला, रुपयाएवढा तेलकट डाग.

"हा होता तुझ्याकडे?"

"होता."

"समितीच्या दिवशी?"

"खिशात होता."

"मग तोंड शिवलं होतं तुझं? एक कागद टेबलावर टाकायचा होता! मी तोंडघशी पडलो असतो, तू सुटला असतास!"

त्याने प्लग खाली ठेवला. हात पुसले, एकेक बोट.

"पेट्रोल सुटलं असतं, मी नाही," तो म्हणाला. "नळी मला दिसली होती. टाकी दुधी, आत निळं दिसत होतं, फुगलेलं. मी सांगायला लागलो आणि तू सगळ्यांसमोर मला गवतवाला म्हणालास. मी झाकण लावलं. मनात म्हटलं, पडू दे याचं. माळात पडेल, याची घमेंड उतरेल. बघत उभा राहिलो. तू ते वळवलंस तेव्हा मला कळलं पोर कुठे उभी आहे."

मी हातात येईल ते उचललं, तो पाना होता. त्याने पाहिलं. हललाही नाही.

"हरामखोर आहेस," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "त्यानंतर मी कोणाच्या टाकीत थेंब ओतलेला नाही. तिला माहीत नाही हे. दर आठवड्याला इथे येऊन बसते, काका काका करते. मला सांगवत नाही. तू सांग. तुला आवडेल सांगायला."

आवडलं असतं, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. दुकानातून निघताना शटरला माझं डोकं आपटलं. घरापर्यंत मी वाक्यं जुळवत गेलो. एका वाक्यात काम झालं असतं: तुझ्या काकांनी जाणूनबुजून ते विमान उडू दिलं. सात वर्षांत मला त्याचा द्वेष करायला खोटं कारण पुरलं होतं, आणि आता खरं हाती आलं होतं.

घरी मुलगी जेवणाच्या टेबलावर पंखाला कापड चिकटवत होती. सोळा वर्षांची झालीय. स्वतःचं पहिलं पेट्रोलचं विमान बांधतेय, पस्तीस सीसीचं. इंजिन कोणी सुचवलं ते सांगायला नको. मी समोर बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी पेट्रोल बरोबर होतं. टाकीत नळी मी चुकीची घातली होती. तुझ्या काकांनी पाकिटावर लिहून पाठवलं होतं, तरी घातली. आणि वळवायला नको होतं, तेही वळवलं."

तिने चिकटवायचं थांबवलं. "काकांकडे गेला होतात?"

"गेलो होतो."

"मग काय म्हणाले ते?"

बायको दारात उभी होती. वाक्य जिभेवर होतं, तयार. मी गिळलं. माया आली म्हणून नाही. त्याचं पाप त्याने आपल्या तोंडाने सांगावं. त्याची हमाली मी का करू?

"त्यांनाच विचार," मी म्हणालो.

तिने विचारलं. शनिवारी दुकानातून आली ती डोळे सुजवून. जेवली नाही. रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं. सकाळी उठल्यावर मला म्हणाली, "तुम्ही दोघंही नालायक आहात. मी तिकडे उभी होते आणि तुम्ही दोघं एकमेकांची जिरवत होतात." मी नकाशे काढणारा माणूस, पण इथे एक रेघ ओढायला जागा नव्हती. मी फक्त मान हलवली.

क्लबला मी पत्र दिलं. त्यात गोष्टीतला माझा अर्धा भाग लिहिला. अध्यक्षांनी बंदी उठवली. साडू येईना. मेहुणीने सांगून पाहिलं, येईना. शेवटी मुलीने दोघांनाही एकच निरोप धाडला: "रविवारी माझं विमान पहिल्यांदा उडणार आहे. टाकी दोघांनी तपासायची. एकमेकांशी बोलला नाहीत तरी चालेल. दोघांनी तपासल्याशिवाय मी उडवणार नाही." आम्ही दोघं एकमेकांना वरचढ, पण ही आमच्या वरची निघाली.

तो आला. पाठीमागे हात बांधून विमानाभोवती एक फेरी मारली. रंगाबद्दल काहीच बोलला नाही, म्हणजे विमान चांगलं होतं. मुलीने डबा पुढे केला. त्याने घेतला नाही. ती डबा तसाच धरून उभी राहिली, तो जड होऊन खाली झुकायला लागेपर्यंत, मग त्याने घेतला. चिटोऱ्यावर एक थेंब टाकला. आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत उभे राहिलो, पेट्रोल उडून जाईपर्यंत. डाग उरला. त्याने लिहिलं, खिशात ठेवला आणि डबा खाली ठेवून मागे सरला. विमानाला हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिला.

मी झाकण उघडलं. दुधी टाकीत पिवळी नळी दिसत होती. मला ती बरोबर वाटली. पण मला तर सात वर्षांपूर्वीही सगळं बरोबरच वाटलं होतं. सगळं मैदान बघत होतं, तेव्हासारखंच.

"हात घालून बघ," मी त्याला म्हणालो.

तो पुढे आला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सरक," तो म्हणाला. "उजेड अडवतोयस."

मी सरकलो.